राष्ट्रीय कपातून कामगाराला बाद कोणी केले?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात चेन्नईतून एक बातमी आली. चेन्नईयिन एफसी या व्यावसायिक फुटबॉल क्लबने आपले सारे कामकाज अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना कळवले. क्लब काही लहानसहान नव्हे. २०१५ आणि २०१७-१८ असा दोन वेळा इंडियन सुपर लीगचा विजेता, आणि मालकांच्या यादीत सिनेनट अभिषेक बच्चन व क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी. त्याच सुमारास बेंगळुरूच्या क्लबनेही पहिल्या संघाचे पगार रोखले. कंत्राट संपलेल्या ठेक्यावरच्या मजुराला जसे गेटवर कळते, तसेच या नामवंत खेळाडूंना कळले.

त्याच महिन्याच्या अखेरीस, त्याच शहरात, पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, म्हणजे आपल्या आयसीएफमध्ये, नोकरीला असलेल्या फुटबॉलपटूंचा पगार नेहमीसारखा बँकेत जमा झाला. याची बातमी कोणी छापली नाही. कायम कामगाराचा पगार झाला, ही काय बातमी?

आमच्या मते त्या महिन्यातली फुटबॉलची सर्वांत मोठी बातमी हीच होती. कारण गेली वीस-पंचवीस वर्षे आपल्याला एकच पाठ पढवला गेला आहे. खात्यांचे संघ, कारखान्यांचे संघ, बँकांचे आणि पोलिसांचे संघ हे जुन्या जमान्याचे ओझे आहे. खेळ पुढे न्यायचा तर तो मालकांच्या हाती द्या, बाजाराच्या हाती द्या, पैसा येईल, शिस्त येईल, खेळाडूचे भले होईल. खाउजा धोरणाचे जे मंत्र रेल्वेला आणि पोस्टाला ऐकवले गेले तेच शब्दशः फुटबॉललाही ऐकवले गेले. मग बाजाराच्या हाती दिल्यावर झाले काय, ते चेन्नईने दाखवले.

कारण समजून घ्यायला फार अवघड नाही. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० च्या डिसेंबरात आपले सर्व व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना रिलायन्सच्या गटाला दिले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग उभी राहिली. २०२५ च्या डिसेंबरात करार संपणार होता, ही तारीख पहिल्या दिवसापासून कागदावर होती. तरी नवा करार झाला नाही, जुलैमध्ये कंपनीने लीग थांबवली, आणि पुढे हक्कांसाठी निविदा काढली तेव्हा एकही बोली आली नाही. एका कराराच्या शेवटच्या तारखेवर सबंध देशाचा फुटबॉल टांगलेला होता. हंगाम कित्येक महिने लांबणीवर पडला. रेल्वे बोर्डाने असा कारभार केला असता तर संसदेत प्रश्न विचारले गेले असते.

या सगळ्या गोंधळात ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सुपर कप सुरू झाला. ज्यांना या नावांचा घोळ वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. १९७७ ते २०१७ या काळात देशातील क्लबांची राष्ट्रीय बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे फेडरेशन कप. २०१८ पासून तिची जागा सुपर कपने घेतली. जिंकणाऱ्याला आशियाई स्पर्धेचे दार उघडते, म्हणून त्याला मोल आहे. यंदा सोळा संघ होते. चेन्नईयिन कसाबसा उभा राहिला. गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा प्रशिक्षक म्हणून ऐनवेळी आले, पण ईस्ट बंगालकडून चार गोल खाऊन संघ गटातूनच घरी परतला. यात पोरांचा काय दोष? ज्याच्या कामाचाच महिनोन्महिने पत्ता नाही तो मैदानात कोणत्या मनाने पळणार? गंमत अशी, की सुपर लीगबाहेरचा, परदेशी खेळाडू न घेता आलेला गोव्याचा डेम्पो याच गटात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोघांशीही बरोबरी करून गेला. डिसेंबरात एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून कप घेतला. त्यांचे अभिनंदन.

पण त्या सोळा नावांवरून आमची नजर पुन्हा पुन्हा फिरली. त्यात रेल्वे नाही. पोस्ट नाही. बँक नाही, बंदर नाही, पोलीस नाहीत, तेल कंपनी नाही. सगळेच्या सगळे सुपर लीग आणि आय-लीगचे. इतरांना पात्रता फेरीतूनसुद्धा वाट नाही. राष्ट्रीय कप म्हणायचे आणि राष्ट्राची गाडी चालवणाऱ्याला प्लॅटफॉर्मवरही येऊ द्यायचे नाही, हा कुठला न्याय?

आता हा कप मुळात कोणाचा होता ते पाहू.

१९७७ साली एर्नाकुलमला पहिला फेडरेशन कप झाला. अंतिम सामन्यात मोहन बागान हा देशातला सर्वांत नावाजलेला क्लब. त्याला १-० ने हरवून पहिला कप कोणी नेला? बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने! आयटीआय, १९४८ सालचा सरकारी कारखाना, जिथे आपल्या पोस्ट-तार खात्यासाठी टेलिफोन आणि एक्सचेंजची यंत्रे बनत. त्या काळी पोस्ट आणि तार हे एकच खाते होते, ते १९८५ साली वेगळे झाले. आपल्या जुन्या साथींनी ज्या काळ्या टेलिफोनच्या तबकड्या फिरवल्या त्या बनवणाऱ्या कामगारांच्या संघाने देशाचा पहिला कप उचलला होता. किती पोस्टल साथींना हे ठाऊक आहे? शाळेच्या पुस्तकात नाही, वर्तमानपत्रात नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या युनियनच्या डायरीतही नाही.

पुढे १९७९ चा कप सीमा सुरक्षा दलाचा. १९८२ ला कोझिकोडच्या अंतिम सामन्यात मोहन बागानसमोर उभा होता मुंबईच्या मफतलाल गिरणीचा संघ, ०-१ ने हरला. त्या वर्षी मुंबईत काय चालले होते ते गिरणगावातल्या माणसाला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी संप सुरू होता. १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे कप केरळ पोलिसांनी नेला. मधल्या १९८१ च्या मद्रासच्या स्पर्धेत मात्र अंतिम सामना मोहन बागान आणि मोहमेडन स्पोर्टिंग या कलकत्त्याच्या दोन क्लबांत झाला, बागान २-० ने जिंकला. म्हणजे मोठे क्लब होतेच, जिंकतही होते. पण कारखान्याचा संघ त्यांच्याच मैदानात, त्यांच्याच पंचांसमोर, बरोबरीने उतरत होता, आणि अधूनमधून त्यांना आडवाही करत होता. बाद पद्धतीच्या स्पर्धेची सगळी मजा यातच असते. नव्वद मिनिटांपुरते मोठे-लहान कोणी नसते.

क्लबांच्या कपाच्या आधीपासून संतोष ट्रॉफी होती, राज्यांची आणि खात्यांची राष्ट्रीय स्पर्धा. तीत रेल्वेचा स्वतंत्र संघ उतरतो. १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ असे तीन वेळा रेल्वेने ती जिंकली. पहिल्या वेळी तर मुंबईत, यजमानांना अंतिम सामन्यात हरवून. १९६३-६४ साली ही स्पर्धा मद्रासला झाली आणि महाराष्ट्राने आंध्र प्रदेशला १-० ने हरवून ती जिंकली. त्या महाराष्ट्र संघाचा कप्तान ओ. चंद्रशेखर, मूळचा केरळचा, मुंबईत कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघात खेळणारा. याच कॅल्टेक्समध्ये मद्रासकडचा सायमन सुंदरराज होता, ज्याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पेरूविरुद्ध गोल केला. ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने केलेला तो आजवरचा शेवटचा गोल. त्या भारतीय संघाचा कप्तान प्रदीपकुमार बॅनर्जी. तो कोणाचा? ईस्टर्न रेल्वेचा! जवळजवळ सारी कारकीर्द त्याने रेल्वेच्या संघातून काढली, बड्या क्लबांत खेळाडू म्हणून गेलाच नाही. आणि १९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकून तीन बड्या क्लबांची मक्तेदारी मोडली. त्यानंतर त्या तिघांबाहेरच्या संघाला ती लीग पुन्हा जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले.

आणखी एक वर्ष आठवते ते १९७३. डिसेंबरच्या अखेरीस एर्नाकुलमला संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात रेल्वे केरळकडून ३-२ ने हरली. केरळच्या मणीने तीन गोल केले. चार महिन्यांनी, ८ मे १९७४ ला, रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला. फुटबॉल आणि संप यांचा संबंध जोडण्याचा आमचा हट्ट नाही. एवढेच, की दोन्हीकडे एकाच मस्टरवरची माणसे होती.

आता उलट बाजूचे म्हणणेही ऐकू. टाळून चालणार नाही.

म्हणतात, खात्याच्या संघाला प्रेक्षक नसतात. केरळ पोलिसांच्या मागे अख्खा केरळ उभा होता, तो काय तिकिटाच्या जाहिराती बघून? संघात माणूस आपला असला की प्रेक्षक येतो. आय. एम. विजयन हा त्रिशूरच्या स्टेडियमवर लहानपणी सोडा विकणारा पोरगा. पोलिसांनी त्याला घेतले, त्याने १९९० चा कप आणला. पुढे तो मोठ्या क्लबांत गेला, पैसे मिळवले, चांगले केले. पण २०२५ साली निवृत्त झाला तो केरळ पोलीस दलातूनच. त्याच वर्षी त्याला पद्मश्री मिळाली. गुडघा गेला तरी चूल पेटत राहील ही खात्री त्याला क्लबाने दिली नव्हती.

म्हणतात, करदात्याचा पैसा खेळावर का घालवायचा? खात्याचा खेळाडू हा फुकटचा जावई नव्हे. तो हजेरी लावतो, डेपोत, शेडमध्ये, सॉर्टिंगच्या टेबलावर, तिकिटाच्या खिडकीत काम करतो आणि स्पर्धेपुरती विशेष रजा घेतो. खेळ संपला की पुढची पंचवीस वर्षे खात्याला एक धडधाकट, शिस्तीचा माणूस मिळतो. वर सांगितलेल्या चेन्नईच्या क्लबाच्या मालकांपैकी खुद्द धोनी २००१ साली खरगपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला तो क्रीडा कोट्यातूनच. कोट्याची नोकरी त्याच्या पाठीशी उभी राहिली त्या दिवसांत त्याला कोणी फ्रँचायझी विचारत नव्हती. आज त्याच्या क्लबातल्या पोरांना तशी नोकरी मागे असती, तर ऑगस्टची ती बातमी त्यांनी जरा कमी धास्तीने वाचली असती.

आणि तिसरे, सर्वांत वजनदार म्हणून सांगितले जाणारे कारण: आशियाई महासंघाचे क्लब परवान्याचे नियम. स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, लहान मुलांचे संघ हवेत, हिशेब तपासलेले हवेत, व्यावसायिक करार हवेत. याच नियमांवर बोट ठेवून २०१३ साली एअर इंडिया आणि ओएनजीसी या मुंबईच्या दोन्ही संघांना आय-लीगमधून काढण्यात आले. आम्ही नियमांच्या विरोधात नाही. लहान मुलांचे संघ हवेतच. खात्यांनी ते काढले नाहीत ही खात्यांची चूक. पण परवाना लागतो तो लीगला आणि आशियाई स्पर्धेला. देशातल्या कपात कोणाला खेळू द्यायचे हे आपला महासंघ ठरवतो. खात्याचा संघ जिंकलाच, तर आशियाई जागा उपविजेत्याला द्या, कप आम्हाला द्या! एवढी साधी तोड कोणाला सुचत नाही असे नाही. सुचवून घ्यायची नाही.

आणि हे व्यावसायिक, परवानाधारक क्लब टिकले तरी किती? मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००३ आणि २००५ चा फेडरेशन कप जिंकला, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली कंपनीने संघच बंद केला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, फगवाड्याचा जेसीटी मिलचा संघ, २०११ साली बंद. पुण्याची सुपर लीगमधली फ्रँचायझी २०१९ ला गुंडाळली गेली आणि तिची जागा हैदराबादला गेली. हैदराबादची २०२५ ला दिल्लीला गेली. इतक्या बदल्या तर आपल्या ट्रॅफिक इन्स्पेक्टरच्याही होत नाहीत, आणि त्याला निदान बदली भत्ता मिळतो. पुण्याच्या प्रेक्षकाने काय करायचे? दिल्लीचे तिकीट काढायचे?

जगात कारखान्यांचे संघ नसतात, असे आपल्याला मोठ्या ऐटीत सांगतात. त्या जगाचा सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एक, मँचेस्टर युनायटेड, १८७८ साली न्यूटन हीथ या नावाने सुरू केला तो लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी. आर्सेनल निघाला तोफखान्याच्या कारखान्यातून, वेस्ट हॅम जहाजबांधणीच्या. सोव्हिएत संघाचा पहिला कप १९३६ साली जिंकला तो रेल्वे कामगारांच्या लोकोमोटिव्ह मॉस्कोने. इंग्लंडच्या एफए कपात आजही सातशेच्या वर क्लब उतरतात, त्यात गावगन्ना हौशी क्लबही असतात, पात्रता फेऱ्या जिंकत वर येतात आणि एखाद्या शनिवारी बड्या क्लबाशी गाठ पडते. २००० साली फ्रान्सच्या कपात कॅले या बंदरगावाचा हौशी संघ थेट अंतिम सामन्यात गेला आणि नाँतकडून २-१ ने हरला. दिवसा नोकरी करणारी माणसे होती ती. त्यामुळे फ्रान्सचा फुटबॉल मागे गेला असे कोणी म्हटल्याचे ऐकले नाही. आपल्याकडे मात्र कप सोळा जणांत वाटून घेतात आणि त्याला व्यावसायिकता म्हणतात.

पुन्हा चेन्नईकडे येऊ, कारण खरा प्रश्न कपाच्या चांदीचा नाही.

उत्तर चेन्नईत, पेरांबूरला लागूनच, व्यासरपाडी ही कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या पोरांचे फुटबॉलचे वेड असे, की लोक तिला लहान ब्राझील म्हणतात. याच वस्तीतला नंदकुमार सेकर २०२४ च्या जानेवारीत भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालकडून खेळला, संघ पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल त्याने केला आणि ईस्ट बंगालने ओडिशाला ३-२ ने हरवून कप जिंकला. शाबास पोरा! पण एक नंदकुमार वर गेला, बाकीच्यांचे काय? त्याच गल्ल्यांतून त्याच्यासारखेच चेंडू खेळणारे, पण सुपर लीगपर्यंत न पोहोचणारे शेकडो. त्यांची वाट ठरलेली असे. चेन्नईच्या सीनियर डिव्हिजनमध्ये चमकायचे आणि आयसीएफ, सदर्न रेल्वे, इंडियन बँक, कस्टम्स, इन्कम टॅक्स, एजी ऑफिस यांपैकी कोणाच्या तरी नजरेत भरायचे. इंडियन बँक तर राष्ट्रीय लीगमध्येही खेळली. तिथे चिकटला की घरातला पहिला पगारी माणूस तयार. आई धुणीभांडी सोडायची, धाकटी बहीण कॉलेजात जायची. एका कायम नोकरीने एक घर उभे राहते, हे आपण आपल्या चाळींत आणि क्वार्टर्समध्ये पाहिलेले आहे.

मुंबईत, नागपुरात, भुसावळात, सोलापुरात याहून वेगळे काय होते? परळचे सेंट्रल रेल्वेचे मैदान, महालक्ष्मीचे वेस्टर्न रेल्वेचे मैदान, तिथे संध्याकाळी चेंडू मारणाऱ्या पोराच्या मनात कोणती फ्रँचायझी नव्हती. क्रीडा कोट्याची जाहिरात होती.

ती वाट आता अरुंद होत चालली आहे. २०२३ साली रेल्वेतल्या रिकाम्या जागांचा आकडा अडीच लाखांच्या वर होता. जिथे ट्रॅकमनच्या जागा भरत नाहीत तिथे गोलरक्षकाची जागा कोण भरणार? आयसीएफचेच बघा. २ ऑक्टोबर १९५५ ला पंडित नेहरूंनी या कारखान्याचे उद्घाटन केले. कारखान्याबरोबर वसाहत आली, दवाखाना आला, शाळा आल्या, मैदान आले, संघ आले. त्याच कारखान्याच्या कामगारांनी २०१८ साली वंदे भारतची पहिली गाडी बनवून दाखवली. बक्षीस काय मिळाले? पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, रेल्वेचे उत्पादन कारखाने वेगळ्या कंपनीकडे देण्याचा प्रस्ताव पुढे आला. पेरांबूरच्या कामगारांनी कुटुंबांसह निदर्शने केली. आणि आपल्या महाराष्ट्रात लातूरला रेल्वेच्या पैशाने डब्यांचा कारखाना उभा राहिला, त्यात वंदे भारतच्या शयनयान गाड्या बनवण्याचे कंत्राट रशियन भागीदारीतल्या कंपनीला गेले. मराठवाड्यातल्या पोरांना तिथे काम मिळो, आमची तीच इच्छा. पण त्या कारखान्याच्या नावाचा फुटबॉल संघ कधी निघेल का, हा प्रश्न विचारून पाहा. कंत्राटदाराच्या दरपत्रकात खेळाडू कोणत्या रकान्यात बसतो?

इथवर इतरांना धारेवर धरले. आता घरातले बोलू.

खात्यांचे संघ मोडकळीला आले त्याला केवळ महासंघ आणि मालक जबाबदार नाहीत. क्रीडा कोट्यात कोणाच्या शिफारशीने कोण लागला, हे प्रत्येक विभागात चहाच्या टपरीवर ठाऊक असते. नोकरी लागताच बूट माळ्यावर टाकणारे आहेत. दुसऱ्या टोकाला, खरोखर खेळणाऱ्या पोराला साहेब स्पेअर करत नाहीत. रोस्टर दाखवतात, माणूस नाही म्हणतात, आणि विशेष रजेचा अर्ज स्पर्धा संपल्यावर मंजूर होऊन येतो. एका कार्यालयातला सॉर्टर असा चार दिवस अर्ज घेऊन फिरताना आम्ही पाहिला आहे; संघाची गाडी सुटून गेली तेव्हा त्याची सही मिळाली. मैदानांवर आधी साहेबांच्या गाड्या लागतात, मग खडी पडते, मग शेड उभी राहते. या गोष्टी किती पीएनएम बैठकांत आल्या? जेसीएमच्या विषयपत्रिकेवर किती वेळा? बोनस, वेतन आयोग, पेन्शन यांसाठी लढताना खेळ ही चैनीची बाब समजून आपणच तो कलम क्रमांक शेवटचे करून ठेवला, आणि शेवटचे कलम वेळेअभावी पुढच्या बैठकीला जाते, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

खेळाडू कामगार आपल्यापासून दूर गेला याचेही हेच कारण. त्याला वाटते युनियनला आपल्याशी देणेघेणे नाही. महिला साथींचे तर विचारूच नका. २०२१ च्या डिसेंबरात राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेल्वेच्या मुलींनी मणिपूरला शेवटपर्यंत झुंजवले, पेनल्टीवर हरल्या. आपल्या किती शाखांनी त्यांचा सत्कार केला? किती शाखांना तो सामना झाल्याचे कळले तरी?

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे आणि ती योग्य टेबलावर गेली पाहिजे. महासंघाकडे: सुपर कपाला पात्रता फेऱ्या ठेवा आणि त्यात खात्यांच्या व कारखान्यांच्या संघांना, राज्य लीगमधल्या कामगिरीवर, उतरू द्या. चेन्नईत आयसीएफ किंवा सदर्न रेल्वे, मुंबईत सेंट्रल किंवा वेस्टर्न रेल्वे मैदानात हरले तर हरू द्या. कागदावर हरवू नका. रेल्वे बोर्डाकडे आणि डाक विभागाकडे: क्रीडा कोट्याच्या जागा दरवर्षी जाहीर करून भरा, निवड चाचणी उघड्या मैदानात घ्या आणि गुण फलकावर लावा. विशेष रजा हा साहेबाचा उपकार न राहता स्पर्धेच्या तारखेआधी मिळणारा हक्क झाला पाहिजे. खेळताना झालेली दुखापत ही कामावर झालेली दुखापत धरली पाहिजे. आणि कारखाना कंपनीला द्या की कंत्राटदाराला, मैदान विकता येणार नाही, अशी अट करारातच घाला. ग्रामीण डाक सेवकालाही खात्याच्या संघात पूर्ण हक्काने जागा हवी. डाकेची पिशवी घेऊन रोज मैलोन्मैल सायकल मारणाऱ्याच्या पायात दम कमी असतो असे कोण म्हणेल?

महाराष्ट्रातील सर्व शाखांनी पुढील बैठकीपूर्वी आपापल्या विभागाची माहिती लेखी पाठवावी: क्रीडा कोट्यातील किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या, शेवटची भरती कोणत्या वर्षी झाली, खात्याचे मैदान किती एकर होते आणि आज त्यावर काय उभे आहे, गेल्या तीन वर्षांत कोणाला विशेष रजा नाकारली गेली. नाकारलेल्या अर्जांच्या प्रती सोबत जोडाव्यात. मैदानाचा जुना नकाशा इंजिनीअरिंग शाखेत मिळतो. तो मागून घ्यावा, आणि दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.